छत नसलेला मांडव

आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या वर्कशीटवर हल्ली बर्गर असतो. संध्याकाळी तिसरी-चौथीतली काही मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात. वरचा पाव म्हणजे मेन आयडिया, आतली टिक्की, कांदा, टोमॅटो म्हणजे सपोर्टिंग डिटेल्स. उतारा वाचायचा आणि बर्गर भरायचा. मुलं तो झटकन भरतात, रंगवतात, आणि मग खरोखरचं काहीतरी खायला मागतात. मी उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवलं. आता निवृत्त होऊन खारघरच्या या उंच इमारतीत एकटीच राहते, तेव्हा थालीपीठ लावून द्यायला मला वेळच वेळ असतो. बर्गरवर माझा राग नाही. मुलांना समजतं ना, मग काय चित्र काढायचं ते काढा. पण मला हेच ज्यांनी शिकवलं, त्या माणगावकर बाईंच्या पद्धतीत शेवटी एक पायरी जास्त होती आणि ती या बर्गरमध्ये कुठे बसत नाही. त्या पायरीशी मी नऊ-दहा वर्षांची असताना पोचले. ते सांगायचं तर शिरवण्याच्या खोलीपासून सुरुवात करायला हवी.

शिरवण्यात आमची खोली हिरामावशीच्या अंगणात होती. हिरामावशी घरमालकीण, गावची मूळची आगरी बाई. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली, आणि उरलेल्या अंगणात त्यांनी पत्र्याच्या खोल्या काढून कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या. अंगणाच्या एका अंगाला जवळा आणि बोंबील वाळत पडलेले असायचे, दुसऱ्या अंगाला आमचं दार. आबा, म्हणजे माझे वडील, मराठवाड्यातून इथे आलेले, जवळच्याच एका रसायनांच्या कारखान्यात कामाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात वातीचा स्टोव्ह, एक ट्रंक, आणि आढ्याला बांधलेली राजूची झोळी. राजू माझा धाकटा भाऊ. वारा फिरला की कारखान्यांचा वास खोलीत शिरायचा, कधी सडक्या अंड्यांचा तर कधी नुसताच गोड, घशात बसणारा. आई पदर नाकाला लावून भाकरी थापायची. भोंगा झाला की गावातली कुत्री एका सुरात रडायला लागायची, आणि त्या आवाजाने राजू दचकून उठायचा. आई म्हणायची, "या गावात कुत्र्यांनाबी करमत न्हाई."

आई बोलकी होती. भाकरी थापताना ती पिठाशी बोलायची, स्टोव्हशी भांडायची, राजूला झोका देताना त्याला माहेरच्या सगळ्या माणसांची नावं सांगायची. आबांशीही बोलायची. आबा म्हणायचे, "हं." आबांचं हे हं सगळ्या कामाचं होतं. भूक लागली, हं. पगार झाला, हं. राजूला ताप आलाय, त्यावरही हं, आणि मग उठून त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात निघायचे. ते वाईट होते असं कुणी समजू नये. त्यांनी कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत, पगारातला मोठा वाटा आईच्या हातात ठेवायचे. फक्त बोलायचे नाहीत. मला त्या हंमधले फरक कळायचे, कारण मला दुसरा उद्योग नव्हता. आईला कळायचे की नाही, कोण जाणे. पुष्कळदा ती आबांच्या पाठीकडे बघत गप्प व्हायची आणि मग एकदम मोठ्याने भांडी आपटायला लागायची.

पावसाळा सरता सरता आई राजूला घेऊन माहेरी गेली. राजूला त्या हवेत सारखा खोकला व्हायचा हे कारण. "जरा चालाया लागला की येते," असं ती मला म्हणाली. माझी शाळा बुडायला नको म्हणून मी आबांजवळ राहिले. ती गेली त्या संध्याकाळी मी आबांना विचारलं, "आई कधी येईल?" ते म्हणाले, "येईल." हं न म्हणता पूर्ण शब्द म्हणाले, म्हणून मी तो धरून ठेवला. आबांना भाकरी येत नव्हती. आम्ही रोज भात खायचो, त्यावर पातळ वरण, आणि हिरामावशीने दिली तर सुकट. जेवताना वाटीला चमचा लागला तरी मोठा आवाज व्हायचा. आई असताना खोली इतकी लहान वाटायची की पाय कुठे ठेवावा कळत नसे, आणि ती गेल्यावर तीच खोली मला कुठल्या कुठे पसरल्यासारखी वाटायला लागली. मी शाळेतून आले की आबा येईपर्यंत उंबऱ्यात बसायचे. आत बसवत नसे. झोळी रिकामी लोंबत होती, आणि आबा जाता-येता तिच्याखालून वाकून जायचे. हिरामावशी जवळा परतता परतता विचारायची, "तुजी आयस कवा येनार गो?" मी म्हणायचे, "येईल." पुढे कधीतरी तिने हे विचारणं बंद केलं. मला तेव्हा बरंच वाटलं, कारण तेच तेच उत्तर देऊन मी कंटाळले होते.

दिवाळीत बाकीचे कामगार सुट्टीवर गेले म्हणून आबांना ओव्हरटाइम लागला. तसं त्यांनी मला सांगितलं आणि मला हिरामावशीकडे ठेवून ते गेले. मी तिच्या मुलीजवळ, कमळीजवळ झोपायचे. कमळी माझ्याच वर्गातली, धीट आणि तोंडाची फटकळ. त्या घरात सगळे एकाच वेळी बोलायचे, आणि मी भिंतीला टेकून नुसती ऐकत बसायचे. ओव्हरटाइमहून आबा आले ते भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. कामावरच्या कुणीतरी गावाहून आणल्या म्हणाले. आम्ही त्या मीठ घालून उकडल्या आणि कितीतरी दिवस खाल्ल्या. आबांनी मात्र एकही शेंग तोंडात टाकली नाही. पोट बरं नाही म्हणाले.

माणगावकर बाई ठाण्याहून बसने यायच्या. बारीक चणीच्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्याची झोप उडावी. उताऱ्याखाली शीर्षक द्या असा प्रश्न असला की आम्ही सगळे उताऱ्याचं पहिलं वाक्य उचलून लिहायचो. बाई वैतागल्या. एक दिवस त्या कापडी पिशवी घेऊन वर्गात आल्या आणि टेबलावर एकेक वस्तू मांडत गेल्या. हळकुंडं, सुपाऱ्या, नारळ, आंब्याचा टाळा. "या घरात काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "हळद हाय बाय, हळद!" सगळा वर्ग ओरडला. आमच्या गावात हळदीला अख्खं गाव जेवायचं, ती ओळखायला कुणाला वेळ लागणार? बाई म्हणाल्या, "या घरात हळद आहे, असं यातलं कोण बोललं? नारळ बोलला? सुपारी बोलली?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. कमळी उभी राहून म्हणाली, "येकटं कोन नाय बोललं. सगल्यांनी मिलून सांगतलं, बाय." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तो नारळ कमळीलाच देऊन टाकला.

मग फळ्यावर मांडव आला. बाईंनी उभ्या रेघा मारल्या, ते खांब. वर एक आडवी रेघ, ते छत. उताऱ्यातली वाक्यं खांबांवर लिहायची आणि ती सगळी मिळून जे सांगतात ते छतावर. छत घालून झालं की एकेका खांबाला हात लावून विचारायचं, तू हे छत उचलतोस का? जो उचलत नाही तो दुसऱ्या कुठल्यातरी मांडवाचा, त्याला बाजूला काढायचा. आणि एखाद्या चांगल्या खांबाला सोडून छत एका बाजूला कलत असेल, तर छतच चुकलं. हे आम्हाला लगेच उमगलं, कारण लग्नसराईत मांडव घालताना आम्ही बांबू धरायला असायचोच. उताऱ्यांवर हात बसल्यावर बाई म्हणाल्या, आता माणसांवर करून बघू. घरातल्या एका मोठ्या माणसाचं आठवडाभराचं बोलणं ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. "वहीत लिहायचं नाही," त्या म्हणाल्या, "वही दिसली की माणसं शहाण्यासारखी बोलायला लागतात." वर्गाने मिळून छत घालायचं. आणि मग शेवटची पायरी. ज्याचं बोलणं त्याच्याकडे जायचं आणि विचारायचं, तुम्हाला हेच म्हणायचंय का? तो हो म्हणाला तरच छत पक्कं. "नाहीतर आपण आपल्याच मनाचं छत घालून मोकळे," असं त्या म्हणाल्या.

पहिला मान कमळीचा. तिने आजीचं बोलणं आणलं होतं. गुडगं दुखतान. गेल्या साली मी येकटी चालत गेलती. देवीला नारल द्याचा रायलाय. आज हाय, उद्या नाय, माजं कोन इचारतंय. कुणी म्हणालं आजी आजारी आहे, कुणी म्हणालं आजी रागावली आहे. बाई एकेक खांब हलवून बघत होत्या, आणि अखेर छत बसलं. आजीला जत्रेला जायचंय, पण मला न्या असं ती म्हणत नाही. कमळी घरी आजीला विचारायला गेली, तर आजीने आधी चप्पल भिरकावली आणि मग उठून ट्रंकेतलं नवं लुगडं बाहेर काढलं. त्या वर्षी आजी टेम्पोत पुढे बसून जत्रेला गेली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे बाईंच्या मांडवावर माझा पक्का विश्वास बसला.

माझी मात्र पंचाईत होती. घरात ऐकण्याजोगं एकच माणूस, आणि ते बोलत नव्हतं. नुसत्या हंवर मांडव कसा उभा राहणार? पण बाईंनी माझी पाळी पुढच्या आठवड्यात लावली होती. मी आबांच्या मागे मागे फिरायला लागले. ते दाढी करायला बसले की मी आरसा धरून बसायचे. ते तांदूळ निवडायला लागले की मी खडे काढायला जायचे. आणि काय नवल, त्या आठवड्यात आबा बोलले. भांग पाडता पाडता म्हणाले, "संगे, ती झोळी काढून ठेव आता. डोक्याला लागते." मग एकदा म्हणाले, "ट्रंकेतलं तुझ्या आईचं हिरवं लुगडं हिराबाईला दे. वाकळ शिवून देईल तुला. थंडी पडलीय." मग, "मिठाचं मडकं झाकत जा." मग, "वेणी तुझी तूच घालाया शीक. रोज हिराबाईच्या दारात जाऊ नको." आणि आठवड्याच्या शेवटी, मी पाणी भरून आत आले तेव्हा, "उन्हाळ्यात गावाला जायचं न्हाई. हितंच राहू." माझा आनंद गगनात मावेना. एवढं तर ते एरवी महिन्यातही बोलत नसत. मी झोळी सोडून घडी घातली, लुगडं नेऊन दिलं, आणि ती सगळी वाक्यं जाता-येता तोंडात घोळवत राहिले, कवितेसारखी पाठ करत.

तुला तेव्हाच कसं कळलं नाही, असं कुणी आज विचारेल. नाही कळलं. शब्द सांडू नयेत म्हणून मी इतकी जपत होते की ते कशाचे आहेत ते बघायला सवडच झाली नाही. माझ्या शिक्षकीच्या सगळ्या वर्षांत अशी मुलं मला भेटली. उतारा धडाधड म्हणून दाखवतील, आणि कशाबद्दल आहे विचारलं की छताकडे बघतील. मला त्यांच्यावर कधी ओरडवलं नाही.

माझी पाळी आली. मी फळ्याजवळ उभी राहून एकेक वाक्य म्हटलं आणि बाईंनी ते खांबावर लिहिलं. त्या खूश होत्या. "बघा," त्या वर्गाला म्हणाल्या, "मुख्य वाक्य यात कुठेच नाही. हा खरा मांडव. आता छत घाला." मिठाचं मडकं पहिल्या झटक्याला गेलं, सगळ्यांनीच त्याला हाकललं. मग कुणीतरी म्हणालं, थंडी पडलीय. बाईंनी वेणीच्या खांबावर बोट ठेवलं, हा उचलतो का? नाही. दुसऱ्याने सांगितलं, हिचे आबा घर आवरतायत. मग गावाला न जाण्याचं काय? तोही खांब छत सोडून उभा राहिला. मी म्हणाले, "आबांना वाटतं मी आता मोठी झाले." बाई म्हणाल्या, "छान. वेणी उचलते, झोळी..." आणि झोळीवर बोट ठेवून त्या थांबल्या. पहिल्या खांबापासून त्यांनी पुन्हा सगळं वाचलं, मनातल्या मनात, ओठ हलताना दिसत होते. मग त्या वळल्या आणि डस्टर शोधायला लागल्या. डस्टर नेहमी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर असायचं, आणि त्या डावीकडे शोधत होत्या.

तेवढ्यात कमळीचा हात वर गेला. "बाय, मना कललं!" ती बाकावरून उठलीच. "हिची आयस नाय येनार आता."

कमळीचा हात अजून वरच होता आणि चेहरा फुलला होता, कारण उत्तर बरोबर होतं आणि ते तिला सगळ्यांच्या आधी आलं होतं. त्यात कसलाही दुष्टावा नव्हता. मला तिचा राग आला नाही. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते छत कसं चपखल बसलं म्हणून बरं वाटलं. झोळी, लुगडं, वेणी, गाव, सगळे खांब एकदम सरळ उभे राहिले. आणि मग मला आबांचा तो शब्द आठवला. मी म्हणाले, "आबा म्हणाले होते, येईल." मागच्या बाकावरच्या कुणीतरी नियमाप्रमाणे विचारलं, "या आठवड्यात म्हनालं?" मी म्हणाले, "नाही. पावसाळ्यात." कमळीने हात हळूहळू खाली घेतला. बाईंनी छतावर काहीही लिहिलं नाही, पण खांबही पुसले नाहीत. त्या दिवसाइतकं एकटं मला नंतर पुष्कळदा वाटलं असेल, पण इतक्या माणसांच्या मधे असताना कधीच वाटलं नाही.

मधल्या सुट्टीत बाईंनी मला जवळ बसवलं आणि डब्यातलं अर्धं घावन माझ्या हातावर ठेवलं. त्यांना माझ्या घरची काही माहिती नव्हती. ती त्यांनी आता विचारलीही नाही. म्हणाल्या, "कमळीने घातलेलं छत बरोबर असेल, चुकीचं असेल, मला ठाऊक नाही. ते एकट्या तुझ्या आबांना ठाऊक. शेवटची पायरी राहिलीय तुझी."

"ते बोलत नाहीत, बाई."

"तू तर बोलतेस ना?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या माझ्या सुटलेल्या वेणीचे पेड पुन्हा घालत बसल्या. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी घावन सगळं संपवलं.

त्या दिवशी आबा उजेड असतानाच घरी आले. हातपाय धुतले, स्टोव्ह पेटवला, भात टाकला. हिरामावशीच्या अंगणातून वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या, आणि आईच्या लुगड्याचा हिरवा तुकडा तिथे मधोमध टाचलेला मला दारातून दिसत होता. मी आबांना मांडवाचं सांगितलं. आधी पिशवी, मग खांब, मग कमळीची आजी. आजीने चप्पल भिरकावली यावर त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग मी त्यांचीच वाक्यं त्यांना म्हणून दाखवली, जशीच्या तशी, त्यांच्यासारखी थांबत थांबत. ते स्टोव्हकडे बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मग छत काय घातलं तुम्ही?"

"आई येणार नाही," मी म्हणाले. "बाई म्हणाल्या, विचारून ये. हेच म्हणायचंय का तुम्हाला?"

आबांनी स्टोव्हच्या वाती खाली केल्या, पुन्हा वर केल्या. भाताचं झाकण उडत होतं, ते तिरकं करून ठेवलं. त्यांनी नाही म्हणावं, नुसती मान हलवावी, चप्पल भिरकावली तरी चालेल, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "हं."

त्यांची सगळी हं मला ओळखता यायची. हे होकाराचं होतं.

मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. आबांनी मला जवळ ओढलं नाही, ते त्यांना जमतच नसे. ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले. "एक खांब राहिला तुमचा," ते म्हणाले. "दिवाळीत ओव्हरटाइम नव्हता. तुझ्या आईला आणाया गेलो होतो. त्या शेंगा तुझ्या आजोळच्या."

"मग काय म्हणाली ती?"

"काही न्हाई."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मीबी काही न्हाई," आबा म्हणाले. "दोन दिवस ओसरीवर बसलो, अन् आलो." मग ते उठले आणि त्यांनी भात वाढला. त्या रात्री आम्ही दोघांनी एकाच ताटात खाल्लं, कारण दुसरं ताट घासायचं राहिलं होतं.

मी आबांजवळच वाढले. भाकरी मी हिरामावशीच्या हाताखाली तांदळाची शिकले, मग ज्वारीची, आणि आबांनी ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हाही हंच म्हणाले. मोठी झाल्यावर मी एकटीने आईकडे जायला लागले. तिथे राजू मामांच्या शेतात राबून बलदंड झाला होता आणि मला परक्यासारखा अहो-जाहो करायचा. आई माझ्याशी खूप बोलायची, पण आबांचं नाव निघालं की उठून जायची. त्यांच्यात भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. मी नोकरीला लागले, या मुलांना त्या मुलांना मांडव शिकवत राहिले, दरवेळी शेवटची पायरी न चुकता करून घेत राहिले. स्वतः मात्र आईच्या बाबतीत ती चढले नव्हते. तिला काय म्हणायचं होतं, ते मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं, छत तर कधीच बसलंय.

आबा गेले त्यानंतरच्या दिवाळीत मी आईकडे गेले होते. ती खूप थकली होती. ओसरीवर बसून आम्ही शेंगा फोडत होतो, शेंगदाणे एका सुपात, टरफलं दुसऱ्या. बोलता बोलता मी म्हणाले, "आबा तुला न्यायला आले होते ना, त्या वर्षी. इथेच बसले होते."

आईचा हात थांबला. "न्यायला?" ती म्हणाली. "मला वाटलं, लेकराला बघाया आलेत."

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तरी गाठोडं बांधून ठेवलं होतं मी. म्हणलं, आज म्हणतील, उद्या म्हणतील."